पोटाच्या चतुःसीमा



मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. शाळेतले माझे शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. नांदेडच्या मोंढ्यातले आणि लातूरच्या मार्केट यार्डातले हमाल, तोलणारे, डाळ गिरण्यांतले कामगार यांच्यात माझी तीस वर्षे गेली. अशा माणसाने व्याख्यानमालेत शरीरावरच्या एका शस्त्रक्रियेविषयी बोलावे, आणि तीही चरबी शोषून काढण्याची, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही ते वाटले होते. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला, तेच प्रथम सांगतो.

लातूरच्या यार्डातला आमचा एक मुकादम. वय पंचेचाळीसच्या आसपास. ऐन उमेदीत शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन थप्पीवर चढणारा. मुकादमी आल्यापासून बैठे काम आणि पुढे आलेले पोट. एक दिवस तो एक छापील कागद घेऊन कचेरीत आला आणि म्हणाला, "दादा, मालकाचे करार तुम्ही बघता, हेबी जरा बघून द्या. पतसंस्थेतून कर्ज काढायलोय." कागद एका दवाखान्याचा होता. त्यावर चार ओळी होत्या : पोट, कंबर, पाठ, छाती. प्रत्येकीपुढे एक रक्कम. दोन भाग एकदम केल्यास सवलत. खाली सहीची जागा. दवाखान्याचे नाव मी सांगणार नाही. त्याचे आज काही प्रयोजन नाही.

मी आजवर शेकडो करार वाचले आहेत. पोत्यामागे हमाली ठरवायची तर आधी पोते किती किलोचे ते ठरवावे लागते. ते न ठरवता दर ठरवणारा पुढारी कामगारांना बुडवतो. शेताचे खरेदीखत करताना आपण चतुःसीमा लिहितो : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस सामाईक बांध. चतुःसीमा नसलेल्या खतावर अडाणी माणूससुद्धा अंगठा देत नाही. आणि इथे 'पोट' एवढा एकच शब्द होता. पोट कोठून कोठपर्यंत? वरचे की खालचे? बाहेरचे की आतले? मला सांगता येईना. तेव्हा मी वाचू लागलो, आणि एका जाणत्या शल्यविशारदांना विचारून विचारून समजावून घेतले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, पोटावरची चरबी ही एक वस्तू नव्हे. आपल्या धडाची भिंत थरांची आहे. वर कातडी. तिच्याखाली चरबीचा पहिला थर, बारीक कप्प्यांचा आणि दाट. त्याखाली एक चिवट पातळ पडदा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेल्या अंतोनिओ स्कार्पा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने तो आजही ओळखला जातो. पडद्याच्या खाली चरबीचा दुसरा थर, मोठ्या कप्प्यांचा आणि सैलसर. ओटीपोटावर आणि कुशींत हा दुसरा थर विशेष वाढतो. त्याच्याही खाली स्नायूंची भिंत. आणि त्या भिंतीच्या पलीकडे, खुद्द उदरात, आतड्यांवर पांघरलेली व यकृताच्या आसपास साचणारी चरबी.

ही जी शेवटची, आतली चरबी, तिला ही शस्त्रक्रिया हात लावीत नाही. लावूच शकत नाही. नळी स्नायूंच्या भिंतीच्या बाहेर चालते. ती भिंत ओलांडून आत गेली तर तो उपचार नव्हे, अपघात होय.

मग आपल्या पोटाचा फुगवटा बाहेरचा की आतला, हे कसे ओळखावे? खरी तपासणी डॉक्टरच करतील, पण साधारण अदमास घरी लागतो. उभे राहावे, पोट किंचित आत ओढावे आणि बेंबीच्या बाजूला अंगठा व बोटे यांनी चिमटीत धरावे. मऊ जाड वळी हाती आली तर ती कातडीखालची चरबी. चिमटीत थोडेच येते आणि पोट मात्र डेऱ्यासारखे टणक व गोल आहे, उताणे निजल्यावरही ते फारसे खाली बसत नाही, असे असेल तर फुगवटा मुख्यतः भिंतीच्या आतला. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही असतात. कोणते किती, हाच प्रश्न असतो.

आता ही शस्त्रक्रिया कशी होते ते पाहू. शरीरातून चरबी खरवडून काढण्याचा एक प्रयत्न १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये झाला होता. एका नर्तिकेचे पाय बारीक करावयास गेले. पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर कित्येक दशके या वाटेला फारसे कोणी धजावले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास रोममध्ये फिशर पितापुत्रांनी पोकळ नळीने चरबी काढण्याची रीत आणली. १९७७ साली पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी एका तरुणीच्या पाठीवरची चरबीची गाठ, मोठा व्रण राहू नये म्हणून, लहान छिद्रातून बोथट नळीने शोषून काढली, आणि तीच पद्धत पुढे वाढवली. बोथट नळी रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना शक्य तितके बाजूला सारून चरबीत बोगदे पाडते; धारदार पात्यासारखी सरसकट कापीत नाही. तरीही रक्तस्राव पुष्कळ होई. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी त्यावर तोड काढली. मिठाच्या पाण्यात बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अ‍ॅड्रेनालीन अत्यल्प प्रमाणात मिसळून ते पाणी चरबीत भरावयाचे, जागा फुगून टणक झाली की मग नळी चालवावयाची. आज जगभर हीच रीत थोड्याफार फरकाने चालते.

आता मुख्य विषयाकडे येतो : धडाचे भाग कोणते, आणि प्रत्येकाचा स्वभाव कोणता.

समोरून आरंभ करू. बरगड्यांच्या कडेपासून बेंबीपर्यंतचा भाग ते वरचे पोट. येथील चरबी बहुधा दाट व तंतूंनी बांधलेली असते. नळीला ती सहज वाट देत नाही. बेंबीपासून खाली ओटीपोट. येथे मघाशी सांगितलेला खोल थर जाड व मऊ, आणि चरबी सहज निघणारी. पुष्कळांना वाटते की आपली तक्रार फक्त ओटीपोटाची आहे. पण खालचे तेवढे सपाट केले आणि वरचे तसेच ठेवले, तर वरचा भाग पुढे आलेल्या सज्जासारखा दिसतो आणि बसल्यावर खाली लोंबतो. म्हणून पुष्कळदा वरचे व खालचे पोट मिळून एकच भाग धरतात; पण सगळीकडे असे धरतात असे नाही. आमच्या मुकादमाच्या कागदावरच्या 'पोट' या शब्दाचा अर्थ येथेच दोन तऱ्हेने निघू शकत होता.

मग दोन्ही कुशी. पुरुषांत कमरेच्या हाडाच्या अगदी वर, पट्ट्यावरून बाहेर ओघळणारी जी वळी असते ती ही. स्त्रियांत हीच साठवण किंचित खाली, नितंबाच्या वरच्या अंगाला सरकलेली असते. कूस ही समोरून पाठीकडे वळत जाते. तिचा निम्मा भाग आरशात दिसतच नाही. पोटाचे काम केले आणि कुशी सोडल्या, तर समोरून माणूस बारीक व बाजूने रुंद दिसतो. मापाला घेर कमी झालेला असतो, पण सदरा पूर्वीसारखाच अडतो.

पाठीचे तीन पट्टे मानावेत. खवाट्यांच्या खालचा, म्हणजे स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या पट्ट्याजवळ वळी पडते तो. त्याखाली मधली पाठ. आणि कमरेच्या मागचा खळगा. पाठीची कातडी शरीरातील सर्वांत जाड कातड्यांपैकी एक, आणि तिथली चरबी तंतूंनी घट्ट विणलेली. म्हणून पाठीवर श्रम अधिक आणि निघते त्या मानाने कमी. शिवाय पाठीसाठी रोग्याला पालथे किंवा कुशीवर वळवावे लागते. म्हणजे भुलेखालचा वेळ वाढतो. 'पाठ' हा भाग किंमतीच्या यादीत पोटाच्या खालची एक साधी ओळ असतो. प्रत्यक्षात ते वेगळेच काम आहे.

पुरुषांच्या छातीची गोष्ट आणखी निराळी. छाती वाढलेली दिसते तेव्हा ती चरबी असेल, किंवा स्तनाची ग्रंथी असेल, किंवा दोन्ही. स्तनाग्राच्या मागे चकतीसारखे घट्ट काही हाती लागले तर ती ग्रंथी. ती साध्या नळीने सहसा निघत नाही, छेद घेऊन काढावी लागते. काही औषधांनी आणि काही रोगांतही ग्रंथी वाढते, म्हणून आधी कारण शोधावे लागते. 'छाती' एवढ्या शब्दावर सही करणाऱ्याला हे ठाऊक असायला नको काय?

याशिवाय शरीरात काही जागा अशा आहेत की जिथे कातडी खालच्या आवरणाला मुळातच चिकटलेली असते. पोटाच्या मधली उभी रेघ आणि कुल्ह्याच्या बाजूचा खळगा ही त्यांची उदाहरणे. आपल्या देहाला जो घाट आहे तो अशा चिकट जागांमुळे. तिथे चरबी कमी असते, आणि जी असते ती काढली तर खड्डा पडतो व तो सहजी भरून येत नाही. म्हणजे शल्यविशारदाला कोठे नळी घालावयाची याइतकेच कोठे घालावयाची नाही हेही ठरवावे लागते. शेजारच्या भागात एकदम थांबूनही चालत नाही. शेतकरी बांधाशी नांगर हलका करतो तसे कडेला विरळ विरळ करीत जावे लागते, नाहीतर भागाभागांच्या सीमा कातडीवर पायऱ्यांसारख्या उमटतात.

हे सारे ठरते कोठे? शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. त्याच्या आधी, माणूस उभा असताना. कारण सोपे आहे. माणूस उताणा निजला की चरबी दोन्ही बाजूंना पसरते, पोटाचा फुगवटा विरतो, कुशी मागे दबतात. त्यावर औषधाचे पाणी भरले की सगळेच फुगते आणि उंचसखल काही कळत नाही. म्हणून शल्यविशारद रोग्याला चांगल्या उजेडात उभा करतात, समोरून, बाजूने, मागून पाहतात, वाकायला व बसायला सांगतात, चिमटीने जाडी मोजतात आणि न पुसणाऱ्या शाईने अंगावर रेघा काढतात. भूगोलाच्या पुस्तकात डोंगर दाखवायला एकात एक वर्तुळे काढतात, तशीच ती असतात. सर्वांत आतले वर्तुळ म्हणजे सर्वांत उंच जागा. जिथे जायचे नाही तिथे वेगळी खूण. छिद्रे कोठे घ्यायची तेही तेव्हाच ठरते, म्हणजे व्रण बेंबीत किंवा कपड्याखाली लपतात. हा अंगावरचा नकाशा म्हणजेच खरी चतुःसीमा.

कापण्यापूर्वी आखण्याची ही शिस्त परदेशातूनच आली असे मात्र समजू नये. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आपल्या पुण्याजवळची एक हकीकत छापली गेली. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रज फौजेच्या बैलांवर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. कसे? प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा घाट घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला. त्याच्या कडेने रेघ आखली. आणि मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली. ही हकीकत वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तिकडे तसे नाक केले. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण एका मजुरासाठी त्याने आधी मेणावर माप घेतले आणि मग शस्त्र उचलले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एखाद्याला वाटेल, पैसे आहेत तर सगळेच भाग एका बैठकीत का उरकू नयेत? याचे उत्तर हिशेबाचे आहे. क्लाइन यांनी १९९० साली लिग्नोकेनची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३५ मिलिग्रॅम अशी सांगितली. पुढे १९९६ साली दुसऱ्यांनी ती ५५ पर्यंत नेली. ३५ चा आकडा धरला तर साठ किलोच्या माणसाला २१०० मिलिग्रॅम होतात. एक लिटर पाण्यात हे औषध सर्वसाधारणपणे ५०० ते १००० मिलिग्रॅम घालतात. म्हणजे दोन ते चार लिटर पाण्यात मर्यादा संपली. पोट, दोन्ही कुशी आणि पाठ मिळून याहून अधिक पाणी सहज लागू शकते. मर्यादा ओलांडली तर तेच औषध मेंदूवर व हृदयावर विषासारखे काम करते. पूर्ण भूल देऊन केले तर या औषधाचा भार कमी करता येतो, पण मग त्या भुलेचे धोके वेगळे, आणि शरीरातून किती द्रव जावा यालाही सीमा आहेच. रोगी त्याच दिवशी घरी जायचा असेल तर एका वेळी काढलेला ऐवज पाच लिटरच्या आत असावा, असा दंडक बहुतेक ठिकाणी पाळतात. तेव्हा 'दोन भाग एकदम केल्यास सवलत' या ओळीकडे पाहताना, ही सवलत कोणाचा हिशेब सोयीचा करते, हे विचारले पाहिजे.

धोका किती, हेही स्पष्ट सांगतो. २००० साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या शल्यविशारदांनीच कळवलेल्या सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांत ९५ मृत्यू आढळले. म्हणजे सुमारे पाच हजारांत एक. सर्वांत मोठे कारण पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणे, आणि त्याखालोखालच्या कारणांत नळीने उदराची भिंत भेदली जाणे. त्यानंतर रीती सुधारल्या आणि काळजी वाढली. पण निरोगी माणसावर, केवळ घाट सुधारण्यासाठी केलेल्या कामात हा आकडा लहान म्हणता येत नाही.

भिंत भेदली जाण्याचा हा जो धोका, तो आपल्या भागातील स्त्रियांनी विशेष ध्यानात घ्यावा. भिंत जिथे आधीच दुबळी असते तिथे तो अधिक : बेंबीतला हर्निया, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाखालचा हर्निया. आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा टाका, बाळंतपणाचा छेद, गर्भाशय काढल्याचा व्रण यांपैकी एखादा असलेल्या प्रौढ बाया पुष्कळ. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची २०१९ साली शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळजणींना काय काढले आणि कशासाठी, हे नीट सांगितलेले नव्हते. तेव्हा पूर्वीचा प्रत्येक टाका डॉक्टरांना दाखवावा, त्यांनी विचारले नाही तरी दाखवावा. शंका असेल तर सोनोग्राफी करून घेता येते.

बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाविषयीही एक गैरसमज आहे. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि कित्येकींत ते पुरते जवळ येत नाहीत. कातडीही सैल पडते. असे पोट चरबीमुळे पुढे आलेले नसतेच. चरबी शोषल्याने स्नायू जवळ येत नाहीत आणि सैल कातडी अधिकच लोंबते. तिथे स्नायू शिवून जादा कातडी काढण्याची वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागते. किंवा व्यायामाने जेवढे साधेल तेवढ्यावर समाधान मानावे लागते. उलट कातडी घट्ट आहे, वजन बऱ्याच काळापासून स्थिर आहे, आणि व्यायाम करूनही एखादीच वळी हटत नाही, अशा माणसाला या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. आमच्याच ओळखीतल्या एका शिक्षिकेला तो झाला, आणि ती समाधानी आहे. मी या विद्येचा निंदक नाही. ही विद्या घाट देणारी आहे, वजन उतरवणारी नव्हे, एवढेच माझे म्हणणे.

आता त्या आतल्या चरबीकडे परत येऊ, कारण आपल्या लोकांचा खरा शत्रू तीच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांच्या उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मतःचे वजन सरासरी पावणेतीन किलोच्याही खाली, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी कमी. पण खवाट्याखालच्या कातडीची चिमटी मोजली तर चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. उणीव पडली होती ती स्नायूंची व उदरातल्या इंद्रियांची. गरिबाचे मूल रोडके जन्मते आणि धडावर चरबी घेऊन जन्मते. पुढे त्याला बैठे काम आणि पोटभर अन्न मिळाले की ती चरबी धडातच साठते, आतही साठते, आणि मधुमेह येतो. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हावे असे सांगतात. पुरुषांसाठीचे हे माप युरोपातल्या मापापेक्षा कमी आहे.

मग बाहेरची चरबी काढल्याने मधुमेहाचा धोका टळेल का? याचीही परीक्षा झाली आहे. २००४ साली अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरची चरबी मोठ्या प्रमाणात, सरासरी नऊ-दहा किलो, काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले तर रक्तदाब, साखर, इन्सुलिनचे काम, रक्तातली चरबी, कशातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. आहार-व्यायामाने याहून कमी वजन उतरले तरी हे आकडे सुधारतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, काढलेली चरबी वर्षभरात शरीराने पुन्हा भरून काढली; ती मांडीवर परतली नाही, पोटाकडे वळली. दार बंद केलेले पाणी दुसऱ्या वाटेने घरात शिरावे तसे ते झाले.

उरले व्यवहाराचे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे अंगाला घट्ट पट्टा घालून राहावे लागते. वैशाखात नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तो पट्टा म्हणजे काय, याची कल्पना करावी. ओझे उचलणे काही आठवडे बंद. रोजंदारीवरच्या माणसाने तेवढी मजुरी खर्चात धरावी. सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. आरोग्यविम्यातून सर्वसाधारणपणे याचे पैसे मिळत नाहीत, आणि इतर उपचारांना असलेली कराची माफी केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला नाही.

आणि कायद्याचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ च्या जानेवारीत समीरा कोहली प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि दुसरे मार्ग रोग्याला समजतील असे सांगितल्यावरच त्याची संमती खरी. तेव्हा संमतीपत्रावर नुसते 'पोट' नको. वरचे पोट, ओटीपोट, उजवी कूस, डावी कूस, असे भाग नावाने लिहून मागावेत. कोणती भूल, ती कोण देणार, आणि अडचण आली तर कोणत्या मोठ्या रुग्णालयात नेणार, हे विचारावे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने प्लास्टिक सर्जरीचे विशेष शिक्षण घेतले आहे का आणि त्याची वैद्यक परिषदेत नोंद आहे का, हे विचारण्यात उर्मटपणा नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. मी ज्यांना विचारले ते रागावले नाहीत.

आमच्या मुकादमाचे काय झाले, ते सांगून संपवतो. त्या शल्यविशारदांनी त्याला उभा केला, चिमटीत धरले, मग निजवून पाहिले. बोटांत आली ती जेमतेम इंचभर कातडी. पोट मात्र टणक. त्यांनी शाईची लेखणी उघडलीच नाही. म्हणाले, "मुकादम, तुमचं पोट माझ्या नळीच्या पलीकडे आहे. आधी रक्त तपासून या." साखर निघाली, बरीच निघाली. आजवर ती कोणी तपासलीच नव्हती. पतसंस्थेचे कर्ज त्याने घेतले नाही. आता तो पहाटे यार्डाला दोन फेऱ्या मारतो, गोळी घेतो, आणि भेटला की पट्ट्याचे भोक दाखवतो. एका वर्षात दोन भोके आत आला आहे. त्याच्यामागून यार्डातल्या चाळीस हमालांची कंबर आम्ही कचेरीत शिंप्याच्या फितीने मोजली. फीत अजून टेबलाच्या खणात आहे. ज्यांना मोजून घ्यायची असेल त्यांनी जरूर यावे.